क्लासचे सर, दहावीतली मुलगी आणि 'घरातच मिटवू' म्हणणारी मोठी माणसं

प्रश्न नाशिकमधल्याच एका मावशीचा आहे. तिचा मजकूर थोडक्यात असा: "भाची 15 वर्षांची, दहावीला आहे. कॉलेज रोडकडे एका खासगी क्लासला जाते. दोन-तीन महिन्यांपासून तिथले एक सर शंका सोडवायच्या निमित्ताने तिला मागे थांबवतात, पाठीवरून-कमरेवरून हात फिरवतात. रात्री 'झोपलीस का', 'तू बाकीच्यांसारखी नाहीस' असे मेसेज येतात. तिने हे आईला सांगितलं नाही, मला सांगितलं. क्लासचे मालक म्हणतात, सरांना आम्ही काढून टाकतो, पोलिसांत जाऊ नका, मुलीचंच नाव खराब होईल. ताई-भाऊजींनाही तेच बरं वाटतंय. तसं 'मोठं' काही झालेलं नाही. मग हा गुन्हा होतो का? आणि बोर्डाची परीक्षा होईपर्यंत थांबलं तर चालेल का?"

ताई, मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात 22 वर्षं वकिली करते. लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या खटल्यांत बहुतेक वेळा मुलांच्या बाजूने उभी राहिले आहे. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मला तिसराच दिसतो आणि आधी त्याचंच उत्तर देते. हे मिटवायचं की नाही, हे ठरवायचा अधिकार तुमच्या ताईंना, भाऊजींना किंवा क्लासच्या मालकांना आहे का? नाही. कायद्याने तो त्यांच्याकडे ठेवलेलाच नाही. ते का, हे समजलं की बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, 14 नोव्हेंबर 2012 ला लागू झाला. मी वकिली सुरू केली तेव्हा तो नव्हता. शिक्षकाने मुलीच्या अंगाला हात लावला तर भारतीय दंड संहितेचं विनयभंगाचं कलम लागायचं आणि त्याला जास्तीत जास्त 2 वर्षांची शिक्षा होती. तो माणूस तिचा शिक्षक होता की रस्त्यावरचा अनोळखी, याने त्या कलमात काही फरक पडायचा नाही. मुलगा असेल तर तेही कलम नाही, कारण ते फक्त स्त्रियांसाठी होतं. पोक्सोने मुलगा-मुलगी हा भेद काढला आणि 18 वर्षांखालचं प्रत्येक मूल 'बालक' मानलं. ते तयार होतं, त्याने विरोध केला नाही, असल्या बचावाला तिथे जागा नाही.

पण माझ्या मते या कायद्याचा कणा वेगळाच आहे. समोरचा मोठा माणूस त्या मुलाचा कोण लागतो, हे हा कायदा विचारतो. लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शाला कलम 8 प्रमाणे 3 ते 5 वर्षं शिक्षा आहे. तोच स्पर्श मुलावर अधिकार असलेल्या माणसाने केला तर तो कलम 9 मध्ये जातो आणि कलम 10 प्रमाणे शिक्षा 5 ते 7 वर्षं होते. त्या यादीत पोलीस आहेत, सैन्यातले लोक आहेत, सरकारी नोकर, निरीक्षणगृहाचे आणि रुग्णालयाचे कर्मचारी, शिक्षणसंस्था आणि धार्मिक संस्थांमधली माणसं, नातेवाईकसुद्धा आहेत. अत्याचार त्याहून गंभीर असेल, तर अशा माणसाला कलम 6 प्रमाणे किमान 20 वर्षं आहेत.

यामागचं कारण मला कोर्टात वारंवार दिसलेलं आहे. अनोळखी माणसाला मूल ओरडून पळवून लावू शकतं. सरांना कसं लावणार? त्यांनी थांब म्हटलं की थांबायचं, हे आपणच शिकवलेलं असतं. गुण त्यांच्या हातात, घरी फोन करून तक्रार करणं त्यांच्या हातात, आणि आई-बाबा त्यांच्याशी हात जोडून बोलतात हेही मुलाने पाहिलेलं असतं. तुमची भाची तीन महिने गप्प का राहिली, याचं उत्तर यातच आहे. तिला तो प्रश्न घरात कोणी विचारू नये, एवढी काळजी घ्या.

तुमच्या बाबतीत सरांचे वकील एक मुद्दा नक्की काढतील: खासगी क्लास ही 'शिक्षणसंस्था' नव्हे. काढू देत. कलम 9 मध्ये मुलांना सेवा पुरवणाऱ्या कोणत्याही संस्थेचे मालक, व्यवस्थापक आणि कर्मचारी वेगळे घेतलेले आहेत. मुलाच्या विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेला माणूसही वेगळा घेतला आहे, मग घटना संस्थेत घडो, घरी घडो की आणखी कुठे. पुन्हा, एकापेक्षा जास्त वेळा केलेला स्पर्श हे तर स्वतंत्र कारण आहे. त्यामुळे क्लासचे सर, क्रिकेटचे प्रशिक्षक, व्यायामशाळेतले वस्ताद, वसतिगृहाचे अधीक्षक, आश्रमशाळेचे शिक्षक, भजन-मृदंग शिकवणारे महाराज, सगळे यात बसतात.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. 'लैंगिक हेतू' हा या गुन्ह्याचा गाभा आहे. वर्गात सगळ्यांसमोर एखाद्याची पाठ थोपटली, एवढ्यावरून मी कोणाला पोलिसांत जा म्हणणार नाही. पण एकच मुलगी निवडणं, बाकीचे गेल्यावर तिला थांबवणं, कमरेला हात लावणं आणि रात्री मेसेज पाठवणं, हे सगळं एका ओळीत मांडलं की चित्र स्पष्ट होतं. मेसेजमध्ये नेमकं काय आहे ते मी पाहिलेलं नाही. लैंगिक हेतूने मुलाशी मोबाइलवरून वारंवार संपर्क करणं हा कलम 11 खाली वेगळा गुन्हा आहे आणि त्याला 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कपड्यांवरून हात लावला म्हणून गुन्हा होत नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तसा निकाल दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. त्वचेला त्वचा लागली की नाही हे बघायचं नसतं, हेतू बघायचा असतो. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: तुम्ही लिहिलंय तसंच घडलं असेल, तर हो, गुन्हा आहे, आणि 'मोठं' काही झालं नाही असं म्हणण्यासारखा तो लहान नाही.

मालकांविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळा दबाव तिकडूनच येतोय. त्यांना असं वाटतं की सरांना काढलं की त्यांची जबाबदारी संपली. कलम 19 म्हणतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडेल अशी ज्याला भीती वाटते, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला कलम 21 प्रमाणे 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. पण संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला, तर ती कैद 1 वर्षापर्यंत जाते आणि वर दंडही. म्हणजे तुम्हाला 'पोलिसांत जाऊ नका' म्हणणारा माणूस स्वतः गुन्ह्याच्या उंबऱ्यावर उभा आहे. त्यांना हे शांतपणे, शक्यतो लेखी कळवा. आवाज चढवायची गरज नाही.

हे कलम नुसतं कागदावरचं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले होते. तिथल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला ते कळूनही त्याने कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करण्याचा आदेशच बाजूला सारला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं सांगितलं. 2024 चं बदलापूर तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. तिथे शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही न कळवल्याबद्दल पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. आणि काढून टाकलेले सर जातात कुठे? आपल्या शहरात दर दोन गल्ल्यांमागे एक क्लास आहे. पुढच्या सोमवारी ते दुसऱ्या फळ्यासमोर उभे असतात, आणि तिथल्या मुलींच्या आयांना काहीच माहीत नसतं. असं झालेलं मी पाहिलंय. दुसऱ्या ठिकाणच्या मुलीच्या खटल्यात पहिल्या ठिकाणच्या मुलीची आई मला कोर्टाच्या आवारात भेटली आणि म्हणाली, "तेव्हा आम्ही बोललो असतो तर." मी तिला काय सांगणार होते?

कळवण्याची ही जबाबदारी तुमच्यावरही आहे, हे तुम्हाला जड वाटेल. तुम्हाला कळलं आहे. मात्र मुलाला आधार द्यायला, घरच्यांशी बोलायला दोन-चार दिवस लागले म्हणून मावशीला आरोपी केल्याचं माझ्या पाहण्यात एकही उदाहरण नाही. महिने घालवले आणि तेवढ्यात आणखी काही घडलं, तर मात्र गोष्ट वेगळी. उद्या आरोप टिकला नाही तर आपल्यावरच उलटेल का, या भीतीचंही उत्तर कायद्यात आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. मुद्दाम, सूड म्हणून खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा आहे, पण मुलाने चुकीची माहिती दिली तरी त्याला कोणतीही शिक्षा होत नाही.

आणि 'लिहून घेऊन मिटवू' याबद्दल. राजस्थानात एका शिक्षकावर विद्यार्थिनीशी असंच वागल्याचा गुन्हा होता. गैरसमजातून तक्रार दिली असं कुटुंबाकडून लिहून घेतलं गेलं आणि त्या जोरावर उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. त्या मुलीच्या नात्यातही नसलेले लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. असा गुन्हा ही दोन कुटुंबांमधली खासगी बाब नाही, समाजाविरुद्धची आहे, असं म्हटलं. तेव्हा मालकांनी पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर ताई-भाऊजींनी सही करू नये. क्लासची फी परत घेतानासुद्धा पावतीवर काय लिहिलंय ते वाचा.

आता परीक्षेचा प्रश्न. तुमची काळजी मला पूर्ण समजते. पण थांबण्याची किंमत काय ते सांगते. मुलांच्या प्रकरणात तक्रारीला उशीर झाला, एवढ्यावरून न्यायालय खटला फेकून देत नाही. मूल लगेच बोलत नाही हे न्यायाधीशांना माहीत असतं. पुरावा मात्र थांबत नाही. क्लासच्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण काही आठवड्यांत आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. ती रोज किती वाजता बाहेर पडली आणि बाकीची मुलं किती वाजता, हे त्यातच दिसणार आहे. मेसेज समोरून पुसले जातात. म्हणून भाचीचा मोबाइल आहे तसा बाजूला ठेवा. काही पुसू नका, सरांना उत्तर देऊ नका, त्यांना बोलतं करायचा सापळा तर अजिबात रचू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा, पण मूळ मोबाइलच महत्त्वाचा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्यातल्या मजकुरासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

शिवाय तक्रार दिली म्हणजे पोरीला अभ्यास सोडून रोज ठाण्यात बसावं लागेल, हे चित्र चुकीचं आहे. तिला ठाण्यात न्यायचीही गरज नाही. कलम 24 प्रमाणे तिचा जबाब घरी किंवा तिला हवं तिथे घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. त्यानंतर एकदा दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब होईल. वैद्यकीय तपासणी ठरली तर ती महिला डॉक्टरच करतील आणि तिच्या विश्वासाचं माणूस सोबत असेल. तपास 2 महिन्यांत पूर्ण करायचा, असं फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत आहे. कोर्टातली साक्ष यानंतरची. कायदा म्हणतो की विशेष न्यायालयाने दखल घेतल्यावर 30 दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवावा. प्रामाणिकपणे सांगते, प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो. म्हणून परीक्षेच्या आधी तिला साक्षीला उभं राहावं लागेल, याची शक्यता फार कमी आहे. तारीख आलीच तर परीक्षेचं वेळापत्रक जोडून अर्ज करता येतो.

कुठे जायचं? क्लास ज्या ठाण्याच्या हद्दीत येतो तिथे गेलात तर पुढचं सोपं होतं, पण शहर आयुक्तालय की ग्रामीण, आमची हद्द नाही, असं म्हणून तुम्हाला कोणी परत पाठवू शकत नाही. कोणत्याही ठाण्याला शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवावा लागतो. नोंदवायला टाळाटाळ करणाऱ्या पोलिसालाही कलम 21 लागू आहे. जाणं जमत नसेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. गुन्हा नोंदला की 24 तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समिती भाचीसाठी सहायक व्यक्ती नेमू शकते, जी खटला संपेपर्यंत सोबत राहते. ही माणसं मागा. फार कमी कुटुंबं मागतात.

या सगळ्यात मी सगळ्यात जास्त काळजी एका गोष्टीची घेते, ती म्हणजे मुलीचे शब्द. बऱ्याच वर्षांपूर्वी सुरगाण्याकडची एक मुलगी माझ्याकडे होती, 12-13 वर्षांची, घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी. पोलिसांनी तिच्या जबाबात लिहिलं होतं: 'माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले.' उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी तिला विचारायला लावलं, लज्जा उत्पन्न म्हणजे काय? पोर गप्प. तिने तो शब्द आयुष्यात उच्चारलेला नव्हता. जबाब पढवलेला आहे, असं म्हणायला त्यांना जागा मिळाली. मग मॅडम न्यायाधीशांनी स्वतः कागद बाजूला ठेवून तिला विचारलं, बाळा, काय झालं ते तुझ्या बोलीत सांग. तिने हाताने दाखवलं आणि तीन वाक्यांत सगळं सांगितलं. तेव्हापासून मी प्रत्येक घरात हेच सांगते. मुलीला पुन्हा पुन्हा विचारू नका, तिच्या वाक्याला आपले शब्द जोडू नका, तारखा पाठ करून घेऊ नका. तिला तारीख आठवत नसेल, 'चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी' एवढंच आठवत असेल, तर तेच लिहिलं जाऊ द्या. जबाब वाचून दाखवतात तेव्हा जो शब्द तिचा नाही तो बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे. मूल वेगळी बोली बोलत असेल तर दुभाषा द्यायची तरतूदही कायद्यात आहे.

कोर्टाची भीती वाटते ना? सुनावणी बंद दालनात होते. सर तिला दिसणार नाहीत अशी सोय, पडदा किंवा व्हिडिओ, न्यायालयाने करायची असते. बचावाचे वकील थेट तिच्यावर प्रश्न फेकू शकत नाहीत. प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि ते विचारतात. सरांनी जामीन मागितला तर तुम्हाला नोटीस मिळाली पाहिजे आणि तुमचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्येच स्पष्ट केलं आहे. सरकारी वकील असतातच, त्याशिवाय स्वतःचा वकील देता येतो. पैसे नसतील तर न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही.

नाव खराब होण्याबद्दल. पोक्सोच्या प्रकरणात मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा, घरच्यांची माहिती छापायला किंवा दाखवायला कायद्याने बंदी आहे, आणि ती मोडली तर कैद किंवा दंड आहे. माझ्या अनुभवात ओळख बहुतेक वेळा वर्तमानपत्रातून फुटत नाही. ती नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटातून आणि सोसायटीच्या गटातून फुटते, 'सगळ्यांनी सावध राहा' अशा चांगल्या हेतूच्या मेसेजमधून. तुम्ही मला प्रश्न विचारताना क्लासचं नाव लिहिलं नाहीत, ते बरं केलंत. तसंच राहू द्या.

ताई-भाऊजींशी बोलताना कलमांपासून सुरुवात करू नका. ते वाईट आई-बाप नाहीत, घाबरलेले आहेत. आधी त्यांना सांगा की पोरीने काही चुकीचं केलेलं नाही आणि तिने बोलायची हिंमत केली. मग मालकांवरची जबाबदारी सांगा, मग वर लिहिलेली जबाबाची पद्धत. बहुतेक घरं इथे शांत होतात, कारण त्यांच्या मनात ठाण्यातला बाक असतो आणि तो बाक इथे नाही हे त्यांना पहिल्यांदाच कळतं. तरीही ते तयार झाले नाहीत, तर तुम्ही एकटीही कळवू शकता. कायद्याला आई-वडिलांची परवानगी लागत नाही. पण भाचीला आधी सांगितल्याशिवाय जाऊ नका.

आणि जबाबाच्या वेळी शेजारी कोण बसेल, हे तिलाच विचारा. आई-वडील किंवा तिचा विश्वास असलेलं कोणीही चालतं, असं कलम 26 सांगतं. ती बहुधा तुमचं नाव घेईल. त्या दिवशी सुट्टी काढून ठेवा, तिच्या शेजारी बसा आणि ती बोलत असताना मध्ये एक शब्दही बोलू नका.